कालवा दुष्काळाचा, पाणी उसाचे

नीरा डावा कालवा खोदायला सुरुवात झाली ती १८७६ च्या दुष्काळात. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या पूर्वपट्ट्यातली हजारो माणसे तेव्हा घरदार सोडून सरकारी कामांवर माती उपसत होती. वीर येथील बंधाऱ्यापासून पूर्वेकडे सुमारे १०० मैल पाणी न्यायचे आणि पुन्हा अशी वेळ आली तर बारामती-इंदापूरची ज्वारी वाचवायची, हा त्या कामामागचा हेतू होता. कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. आज त्याच्या भरावावरून चालत गेले तर उताराच्या बाजूला मैलोन्‌मैल ऊस दिसतो. ज्वारी दिसते ती बहुतेक कालव्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाटाचे पाणी चढत नाही तिथे.

ज्वारीसाठी काढलेला कालवा उसाचा कसा झाला, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मागे लागला आहे. मी विद्यापीठातला इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून जुनी गॅझेटियर, दुष्काळ आयोगांचे आणि पाटबंधारे खात्याचे छापील अहवाल, शेतकी कॉलेजच्या पुस्तिका वाचत आलो आणि सुट्टीच्या दिवशी या कालव्याच्या दोन्ही अंगांच्या गावांतून हिंडलो. प्रश्नाची सोपी उत्तरे दोन मिळतात. एक म्हणजे इंग्रजांचा महसुलाचा लोभ, दुसरे म्हणजे ऊसवाल्यांचा हावरेपणा. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण कागद वाचत गेल्यावर मला जे दिसले ते जरा वेगळे आहे. अतिरेकी हवामानात पिकाची पाण्याची गरज दर वर्षी बदलते आणि कालव्याला दर वर्षी सारखे गिऱ्हाईक लागते. गोष्टीचे मूळ या विसंगतीत आहे, आणि हवामान अधिक लहरी होत असताना ती समजून घेणे हा निव्वळ इतिहासाचा छंद राहिलेला नाही.

शालूचा हिशेब

आधी पाऊस आणि पीक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला बारामती-इंदापूरकडे आलो की तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांमागची ही पर्जन्यछाया. पण सरासरीचा आकडा इथे फसवा असतो. पाचशेची सरासरी म्हणजे एखाद्या वर्षी आठशे, एखाद्या वर्षी अडीचशे. आणि अडीचशेच्या वर्षीही त्यातले शंभर दोन दिवसांत कोसळून ओढ्याला निघून गेलेले असू शकतात.

या लहरी पावसाला इथल्या शेतकऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे रब्बीची ज्वारी, शालू. खरिपात पाऊस पडेल तसा जमिनीत मुरू द्यायचा, कुळवाच्या पाळ्या घालून रान तयार ठेवायचे, आणि पूर्वा-उत्तरा-हस्ताच्या सुमारास वाफसा पाहून पेरायचे. पेरणीनंतर पाऊस पडला तर उत्तम. नाही पडला तरी भारी काळ्या जमिनीच्या पोटात ओल असते. एक मीटर खोलीची काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. शालू त्यावर, थोड्या दवावर आणि थंडीवर वाढतो. म्हणजे या भागाचे पहिले धरण शेतातली मातीच होती.

हे धरण भरण्याची मुदत मात्र फार थोडी. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस चुकला तर पेरणीच होत नाही, किंवा झाली तर पीक पोटरीत येईपर्यंत ओल संपते. काळी जमीन वाळू लागली की भेगा पडतात, मुळे तुटतात, आणि भेगांतून खालची उरलेली ओलही उडून जाते. म्हणून तर 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे आपल्याकडे म्हणतात; कोळप्याने वरची माती हलली की भेगा बुजतात. पीक पोटरीत असताना किंवा निसवताना एखादे पाणी मिळाले तर कणीस भरते. न मिळाले तर नुसता कडबा, आणि फारच ओढ बसली तर तोही नाही. पण ज्या वर्षी उत्तरा-हस्त चांगले झाले, त्या वर्षी त्याच शेताला वरचे पाणी लागतही नाही. भारी रानात उलट जास्त पाण्याने पीक पिवळे पडते.

एकाच शेताची, एकाच पिकाची सिंचनाची गरज एका वर्षी शून्य आणि दुसऱ्या वर्षी जीव वाचवण्याइतकी, असा हा प्रकार आहे.

१८७६

१८७६ साली मृगापासूनच पाऊस तुटक होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याने पाठ फिरवली. खरीप गेले आणि रब्बीची पेरणीही साधली नाही. सोलापूर, अहमदनगर, पुण्याचा पूर्वभाग, साताऱ्याचा माणदेश, खाली कलादगी, बेळगाव, धारवाड असा मोठा पट्टा एकाच वेळी कोरडा पडला. बाजारात धान्य नव्हते असे नाही. ज्वारीचा भाव असा चढला की ज्याचे पीक बुडाले त्याला ते घेता येईना. त्यात गुरे आधी गेली, कारण ज्वारी बुडते तेव्हा कडबाही बुडतो. बैल गेले म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस पडूनही पाभर चालणार नाही. एका वर्षाचा फटका दोन-तीन वर्षे पुरतो तो असा. मुंबई इलाख्यात या दुष्काळाने नेहमीपेक्षा अधिक झालेले मृत्यू आठ लाखांच्या आसपास मानले जातात.

सरकारने कामे काढली: रस्ते, तलाव, कालवे. व्हाइसरॉय लिटन यांनी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरी कापली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणा-अर्धा आणा एवढ्यावर माणसाने दिवसभर माती उपसायची. मजुरांनी हजारोंच्या संख्येने कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली आणि या मजुरांची बाजू घेतली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्या दिवसांतला नीरा कालवा म्हणजे असा अर्धपोटी माणसांनी खोदलेला कालवा आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सरकारी भाषेत दोन शब्द रूढ झाले. जी पाटबंधाऱ्याची कामे पाणीपट्टीतून स्वतःचा खर्च आणि व्याज भरून काढतील ती 'उत्पादक'. जी तसे करणार नाहीत, पण दुष्काळात पीक वाचवून सरकारचा मदतकार्यावरचा खर्च वाचवतील ती 'संरक्षक'. दख्खनचे कालवे दुसऱ्या वर्गातले. १९०१ मध्ये नेमलेल्या पाटबंधारे आयोगानेही, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे लागोपाठचे दुष्काळ पाहिल्यावर, अशी कामे तोट्यात गेली तरी केली पाहिजेत, असाच कौल दिला.

अभियंत्यांची योजना हुशारीची होती, हे मान्य केले पाहिजे. त्या काळात दुष्काळी कामांवर माणदेशात म्हसवडचा आणि सोलापूर जिल्ह्यात आष्टीचा तलाव बांधला गेला. अशा तलावांची अडचण उघड आहे. त्यांचे पाणलोट त्याच कोरड्या मुलखात. ज्या वर्षी शेताला पाणी हवे, त्याच वर्षी तलावही अर्धा रिकामा. नीरेचे तसे नाही. भोरजवळ भाटघरला येळवंडी नदीवर धरण बांधले ते घाटमाथ्याच्या पावसावर भरते, आणि घाटावर अगदी वाईट वर्षीही बऱ्यापैकी पाऊस होतो. भाटघरचे पहिले धरण १८९० च्या दशकात आणि त्याखालचे मोठे धरण १९२० च्या दशकात झाले. एका प्रदेशाचा पाऊस धरून तो दुसऱ्या प्रदेशाच्या वाईट वर्षी वापरायचा, ही या कालव्यामागची कल्पना. आजही त्याहून चांगली कल्पना कोणी काढलेली नाही.

पाणी नको म्हणणारा शेतकरी

कालवा वाहू लागला आणि सरकारला धक्का बसला. लोक पाणी घेईनात. दुष्काळात अन्नाला मोताद झालेला शेतकरी पाणी दारात आले असता नाही म्हणतो, याचा अर्थ काही साहेबांनी तो आळशी, जुनाट विचारांचा असा लावला.

मला त्यात शहाणपण दिसते. पाऊस बरा झाला तर शालूला पाणी लागत नाही. मग पाणीपट्टी का भरायची? पाण्यासाठी आधी अर्ज करायचा, आणि अर्ज करताना तर पुढचा पाऊस कोणाला ठाऊक? शिवाय भारी रानात पाटाचे पाणी घेतले की खतही जास्त लागते, तणही जास्त येते. ज्वारीच्या त्या वेळच्या भावात हा खर्च निघत नव्हता. म्हणून हस्त बरसला की मागणी घसरे आणि पावसाने ओढ दिली की एकाएकी चढे. संरक्षक कालव्याची मागणी अशीच असणार. आग विझवायच्या बंबाला रोज काम नसते.

पण आग लागते तेव्हा काय होते तेही पाहू. पाऊस चुकला की प्रत्येकाला पाणी हवे ते त्याच पंधरवड्यात, पीक पोटरीत असताना. इथे कालव्याची ताकद तोकडी पडते. एक क्युसेक प्रवाह चोवीस तास सोडला तर जवळपास दोन एकर-फूट पाणी होते. तीन इंचाची पाळी धरली तर त्यात आठ एकर भिजते. पंधरा दिवसांत झाले १२० एकर. आणि मातीच्या चाऱ्यांतली गळती, बाष्पीभवन वजा केले तर साठ-सत्तर. म्हणजे हजारो एकर ज्वारी एका पंधरवड्यात वाचवायची तर कालवा रुंद हवा, चाऱ्या-पोटचाऱ्या गावोगाव तयार हव्यात, पाटकरी हवेत. आणि हे सारे चांगल्या वर्षी रिकामे बसून राहिले पाहिजे. रिकाम्या यंत्रणेचा खर्च कोणी सोसायचा? आयोगांनी 'तोटा सोसा' म्हटले होते. पण दर वर्षी हिशेब द्यावा लागणाऱ्या खात्याला तोट्याचा कालवा हे लांच्छन वाटत होते. त्याला बारमाही गिऱ्हाईक हवे होते.

ऊस येतो

ते गिऱ्हाईक सासवडकडून आले. सासवड भागातल्या माळी बागायतदारांना विहिरीवरच्या उसाचा आणि गुळाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. ते कालव्याखाली उतरले, स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. पुढे हेच लोक गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरही गेले. ऊस बारा ते अठरा महिने शेतात राहतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी त्याला पाणी लागते. पाऊस पडो न पडो, ऊसवाला पाणी घेणार आणि पट्टी भरणार. पेंड, शेणखत, गुऱ्हाळ, मजूर यांत त्याचे भांडवल गुंतलेले असते, त्यामुळे त्याला पाण्याची खात्री हवी असते. खात्याला महसुलाची खात्री हवी होती. दोन खात्र्यांचा मेळ बसला.

हे बिघडते आहे हे त्या वेळीही काहींना कळत होते. पुण्यात पाटबंधारे खात्यात काम करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. गावोगाव ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडायचे, त्यातल्या साधारण एक तृतीयांश भागातच एका वेळी ऊस, बाकी भागात हलकी पिके, आणि ही वाटणी पाळीपाळीने फिरवायची. पाणी थोड्या बागायतदारांच्या रानात न साठता अनेक गावांत पसरावे, जमीन बिघडू नये आणि खात्यालाही उत्पन्न मिळावे, असा त्यात तिहेरी विचार होता. दख्खनच्या सिंचनाच्या इतिहासातला हा सर्वांत विचारी प्रयत्न होता असे माझे मत आहे.

पण त्यातही एक गोष्ट राहून गेली. ब्लॉक मंजूर झाला की पाण्याचे वचन अनेक वर्षांचे होई. आणि वचन चांगल्या-वाईट वर्षाचा भेद करत नाही. दुष्काळ पडला तेव्हा धरणात पाणी असे, पण त्यावर आधीच उसाचे नाव लिहिलेले असे. उभा ऊस वाळू द्यायचा आणि ज्वारीला पाणी द्यायचे असा निर्णय कोणता अधिकारी घेणार? ज्वारीवाल्याचे या वर्षी नुकसान होते. ऊसवाल्याचे दोन वर्षांचे भांडवल जाते आणि सरकारची पट्टीही. हिशेबाने पाहिले तर प्रत्येक वेळी ऊसच जिंकणार.

या जिंकण्याची किंमत आकड्यांत मांडून पाहू. उसाला हंगामानुसार अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाणी लागते. अडीच हजारच धरू, आणि त्यातले पाचशे पावसातून आले असे मानू. उरलेल्या दोन हजार मिलिमीटरमध्ये ज्वारीच्या ऐंशी मिलिमीटरच्या पंचवीस पाळ्या बसतात. म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात, वाईट वर्षी, पंचवीस एकर ज्वारीला कणसात दाणा भरण्यापुरते एक पाणी देता येते. हिशेब ढोबळ आहे, पण प्रश्नाचा आकार त्यावरून कळतो.

दुसरी किंमत जमिनीने मोजली. काळ्या रानात बारमाही पाणी, आणि निचऱ्याची सोय नाही. काही वर्षांतच सखल भागात पाणी वर आले, मीठ फुटले, चांगली शेते पाणथळ आणि चोपण झाली. नीरा आणि गोदावरी कालव्यांवर चर खोदून निचरा करण्याची कामे सरकारला हाती घ्यावी लागली. दुष्काळावरच्या उपायाने अतिपाण्याचे दुखणे आणले.

१९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि गुळाच्या जागी कारखाने आले. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, नीरेच्या उजव्या कालव्याकडे माळीनगर. पुढे १९५० मध्ये प्रवरेवर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. सहकाराने खेड्यांत शाळा, दवाखाने, रस्ते, पैसा आणला. ऊस लावणारा शेतकरी या कथेतला खलनायक नाही. ज्या पिकाला भाव, गिऱ्हाईक आणि पाणी या तिन्हींची हमी आहे ते पीक तो घेतो, आणि ते रास्तच आहे. मुद्दा एवढाच की ही हमी ज्वारीला कोणी कधी दिली नाही.

दुसरी वाट

ज्वारीच्या बाजूने विचार करणारे लोकही होते. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये पाटबंधारे खात्याच्या कारभारावर टीका केली, आणि त्याचबरोबर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, त्यासाठी फौज आणि पोलिसांतली माणसे लावावीत, असे सुचवले. मातीतले धरण भरा, असेच हे सांगणे होते.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले हॅरॉल्ड मान यांनी आधी पिंपळे सौदागर आणि मग जातेगाव बुद्रुक या गावांचा घरोघर अभ्यास केला. पुढे १८६५ ते १९३८ या काळातल्या मुंबई दख्खनच्या पावसाची आणि दुष्काळांची त्यांनी सांगड घातली. १९२३ पासून मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बांधबंदिस्ती, खोल नांगरट, बी कमी आणि ओळींत अंतर जास्त, वारंवार कोळपणी अशी पद्धत बसवली. आपल्या शेतकऱ्याला यातले पुष्कळ माहीत होते. प्रयोगाने त्याला मापे मिळाली. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही शालूच्या पट्ट्यात पेरला जातो. नव्वद वर्षे टिकलेला वाण ही साधी गोष्ट नाही. पण या कामावर झालेला खर्च आणि धरणा-कालव्यांवर झालेला खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. कोरडवाहू संशोधन सल्ला देऊन थांबले. वाईट वर्षी एक पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

१९७२ साली तो पुन्हा दारात आला. तोपर्यंत देश स्वतंत्र होऊन २५ वर्षे झाली होती आणि धरणे पुष्कळ झाली होती. तरीही खडी फोडणारे हात तेच होते. या वेळी माणसे उपासमारीने लाखांनी मेली नाहीत, हा फरक मोठा आहे आणि तो राज्यकर्त्यांच्या, प्रशासनाच्या आणि लोकांच्या दबावाच्या पदरात टाकला पाहिजे. १९७३ च्या उन्हाळ्यात कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ गेली होती. मिलो आणि सुकडीची आठवण माझ्या आधीच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली; १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. टेंपलच्या मजुरीपासून कायदेशीर हक्कापर्यंतचा हा प्रवास १०० वर्षांचा. मजुराला हमी मिळाली. पिकाला नाही.

पिकाच्या हमीचा विचार पुरंदर तालुक्यातल्या नायगावात झाला. पुण्यात कारखानदारी करणारे अभियंता विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास तिथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी द्यायचे, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. शेवटची अट अनेकांना जाचक वाटली. पण आपण पाहत आलो त्या इतिहासात ती बरोबर वर्मावर बोट ठेवते. बारमाही पिकाला बारमाही वचन द्यावे लागते आणि ते दिले की वाईट वर्षासाठी हातात काही उरत नाही. १९७९ मध्ये दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीनेही आठमाही पाणीवाटपाचा पुरस्कार केला, तो याच दिशेने. पाण्याची वहिवाट मात्र फारशी बदलली नाही. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार-पाच टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा दोन तृतीयांशाहून अधिक वाटा घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे.

आताचे हवामान

हे सारे आता नव्याने का मांडायचे? कारण वाईट वर्ष ही अधूनमधून येणारी आपत्ती आहे, या गृहीतावर आपली व्यवस्था उभी आहे, आणि ते गृहीत डळमळू लागले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे दाखवले. हवा एक अंशाने तापली की ती सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस जास्त कोसळतो, आणि मधल्या उघडिपीत तीच तापलेली हवा जमिनीतली ओल लवकर ओढून घेते. शेतकऱ्याच्या भाषेत, मुरणारा पाऊस कमी आणि वाहणारा जास्त.

शालूच्या हिशेबावर याचा परिणाम थेट आहे. मातीचे धरण भरायला संथ पाऊस लागतो. दोन तासांत शंभर मिलिमीटर पडला तर वरची माती घेऊन जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर-पंढरपूरकडे झालेल्या अतिवृष्टीने पेरणीची घात लांबवली, काही ठिकाणी झालेली पेरणी वाहून नेली. थंडी कमी पडली तर पीक लवकर पक्व होते आणि दाणा बारीक राहतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काढणीला आलेली ज्वारी आणि गहू झोडपून काढले. ऊसही सुरक्षित नाही. उन्हाळा तापला की त्याच्या पाळ्यांमधले अंतर कमी करावे लागते, म्हणजे धरणातले पाणी कमी असतानाच त्याची गरज वाढते. २०१६ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी उपयुक्त साठ्याच्या शून्याखाली गेली होती आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. दिलेली वचने धरणातल्या पाण्याहून मोठी झाली की असे होते.

पीक किती बुडाले हे मोजण्याची आपली रीतही जुन्या दुष्काळांनी दिलेली आहे. आणेवारी, म्हणजे सोळा आणे पीक पूर्ण मानून नजरअंदाज. पुढे तिची पैसेवारी झाली. हंगाम संपल्यावर ती ठरते. तोपर्यंत शेतकऱ्याची बी-बियाण्याची गुंतवणूक गेलेली असते आणि गुरे बाजारात पोहोचलेली असतात. नुकसान मोजायची व्यवस्था आपण पुरी केली. नुकसान होऊ नये म्हणून पोटरीतल्या पिकाला एक पाणी पोहोचवायची व्यवस्था मात्र १८८५ इतकीच अपुरी आहे.

या वाचनातून मला जे सुचते ते फार मोठे नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने टंचाईच्या वर्षी समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केलेले आहे. त्याच तत्त्वाने प्रत्येक मोठ्या धरणाच्या ऑक्टोबरच्या साठ्यातला एक ठरावीक हिस्सा रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याच्या एका पाण्यासाठी बाजूला ठेवता येईल. उत्तरा-हस्त बरसले तर तो हिस्सा पुढे उन्हाळ्यात इतरांना मोकळा करायचा. चुकले तर त्याला कोणी हात लावायचा नाही. उसाचा पाणीपरवाना देताना त्यात हे कलम आधीच लिहिलेले असले पाहिजे, म्हणजे वाईट वर्षी कोणावर अन्याय झाला असे होणार नाही. पंधरवड्याच्या गर्दीवर आता शेततळी आणि ठिबक-तुषारचा उतारा आहे. कालव्याने शेततळी आधी भरून ठेवायची आणि पीक पोटरीत आले की तिथून पाणी द्यायचे. विश्वेश्वरय्यांच्या हाती नसलेले हे साधन आपल्या हाती आहे. चांगल्या वर्षी हा राखीव वाटा रिकामा पडून राहिलेला दिसेल आणि त्यावर टीका होईल. ती सोसावी लागेल. १८८० च्या आयोगाने संरक्षक कामांचा तोटा सोसायला सांगितले होते, तेव्हा त्यांना हेच म्हणायचे होते. आणि भाटघरचे पाणी ज्या अर्धपोटी माणसांच्या कष्टाने खाली उतरले, त्यांना ते ज्वारीसाठीच हवे होते.